१९९१ मध्ये थांबलेली घरपट्टी

नमस्कार श्रोतेहो. ब्रिटनमधल्या विषमतेचा विषय निघाला की पगार, शाळा, दवाखाने यांवर बोललं जातं. आज बोलायचं आहे ते तिथल्या घरपट्टीबद्दल, म्हणजे कौन्सिल टॅक्सबद्दल.

आधी हा कर आला कसा ते पाहू. थॅचर सरकारने १९८९ मध्ये स्कॉटलंडला आणि १९९० मध्ये इंग्लंड-वेल्सला पोल टॅक्स लावला. एका कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेच्या हद्दीत प्रत्येक प्रौढ माणसाला एकच रक्कम, मग तो हवेलीत राहो की खोलीत. ३१ मार्च १९९० ला लंडनच्या ट्रफाल्गर चौकात दंगल उसळली आणि नोव्हेंबरात थॅचरबाईंना पंतप्रधानपद सोडावं लागलं. पुढच्या सरकारने घाईघाईने कौन्सिल टॅक्स आखला आणि तो एप्रिल १९९३ पासून लागू झाला. १ एप्रिल १९९१ ला घर किती किमतीला विकलं गेलं असतं, एवढाच आधार. कित्येक घरांची किंमत तर मोटारीतून जाता जाता नुसती बाहेरून पाहून ठरवली गेली.

इंग्लंडमध्ये ती किंमत आजही तीच आहे. काल बांधून झालेल्या इमारतीलासुद्धा १९९१ ची कल्पित किंमत लावतात.

या किमतीनुसार घरांचे आठ बँड, म्हणजे गट आहेत, ए ते एच. ४०,००० पौंडांपर्यंतचं घर ए बँडमध्ये, ३,२०,००० च्या वरचं एचमध्ये. कौन्सिल डी बँडचा दर ठरवते. तो दर नऊ भाग धरला तर ए बँडला सहा भाग, एच बँडला अठरा भाग. म्हणजे किंमत आठपट झाली तरी कर फक्त तिप्पट, आणि एच बँडच्या पुढे तर वाढच नाही. तीन लाख वीस हजारांच्या जरा वरचं घर आणि त्याच्या वीसपट किमतीची हवेली एकाच कौन्सिलमध्ये सारखाच कर भरतात.

आता दोन शहरं शेजारी ठेवा. २०२४-२५ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टरमध्ये डी बँडचा दर सुमारे ९७३ पौंड होता, नॉटिंगहॅममध्ये अडीच हजारांच्या थोडा वर. हिशोब केला तर वेस्टमिन्स्टरमधलं जी बँडचं आलिशान घर साधारण १,६२० पौंड भरत होतं आणि नॉटिंगहॅममधलं सर्वांत स्वस्त बँडचं घर साधारण १,६९०. याला अन्यायाशिवाय दुसरा शब्द नाही. ईशान्य इंग्लंडमध्ये निम्म्याहून अधिक घरं ए बँडमध्ये आहेत, त्यामुळे दर एक टक्का वाढवला तरी तिथल्या कौन्सिलच्या हाती फार थोडं पडतं. २०१० नंतर केंद्राचं अनुदान कापलं गेलं, तेव्हा सर्वाधिक झळ लागली ती अशाच, अनुदानावर उभ्या असलेल्या कौन्सिलांना.

फेरमूल्यांकन का होत नाही? भीतीपोटी. वेल्सने २००५ मध्ये ते केलं, तर जवळपास एक तृतीयांश घरं वरच्या बँडमध्ये गेली आणि लोक संतापले. त्याच वर्षी इंग्लंडमधलं नियोजित फेरमूल्यांकन पुढे ढकललं गेलं. निर्णय न घेणं हाही निर्णयच असतो, आणि या निर्णयाची किंमत स्वस्त घरांत राहणारे मोजत आले आहेत.

त्यात एप्रिल २०१३ मध्ये गरिबांची करसवलत इंग्लंडमध्ये कौन्सिलांच्या गळ्यात टाकली गेली, तीही दहा टक्के कमी पैशांसह. निवृत्तांची सवलत कायद्याने शाबूत ठेवली होती, त्यामुळे कात्री लागली कामाच्या वयातल्या गरिबांना. ज्यांना पूर्वी काहीच भरावं लागत नव्हतं, त्यांच्या दारात बिल आलं. आणि थकबाकी फार वेगाने फुगते. एक हप्ता चुकला की स्मरणपत्र येतं, सात दिवसांची मुदत असते. ती टळली की हप्त्यांची सोय जाते आणि वर्षाची उरलेली रक्कम एकदम मागितली जाते. मग कोर्टाचा आदेश, त्याचा खर्च, आणि वसुलीवाले. २०१४ च्या नियमांनी वसुलीवाल्यांचं शुल्क ठरवलं: प्रकरण हाती आलं की ७५ पौंड, दारात आले की आणखी २३५. म्हणून स्मरणपत्र येण्याआधीच कौन्सिलला फोन करा आणि दहाऐवजी बारा हप्ते मागून घ्या.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी श्रोत्यांनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कर माफ असतो, पण विद्यापीठाचं पत्र कौन्सिलला द्यावं लागतं. घरात एकच प्रौढ असेल तर २५ टक्के सूट मिळते. व्हिसावर सरकारी मदत न घेण्याची अट असली तरी या दोन्ही घेता येतात. कमी उत्पन्नासाठीची करसवलत मात्र त्या अटीत अडकते, तिचा अर्ज करण्याआधी सल्ला घ्या.

बँड चुकीचा वाटला तर सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून शेजारच्या तेवढ्याच घरांचे बँड पाहा. १९८९ ते १९९३ मधल्या विक्रीच्या किमती पुरावा म्हणून चालतात, आजच्या चालत नाहीत. नव्या घरात आल्यापासून सहा महिन्यांत औपचारिक हरकत घेता येते, नंतर ठोस पुरावा लागतो. मात्र तपासणीत बँड वरही जाऊ शकतो, कधी शेजाऱ्यांचाही. आणि निकाल लागेपर्यंत जुन्या बिलाप्रमाणे पैसे भरत राहायचे. ते थांबवले की थकबाकीचं चक्र सुरू होतं.