शंभर ग्रॅम, दोन सेकंद

(अंधार. आधी फक्त चेनचा आवाज. मग एक लाल दिवा, त्यामागे आणखी तीन.)

हा आवाज तेल घातलेल्या चेनचा. जवळजवळ नाहीच म्हणा ना. आता मागून येणारी सायकल ऐका. कुरकुर, कुरकुर, मध्येच एक टक्. पहिली सायकल काकांची. दुसरीच्या मालकाने या महिन्यात सायकलीचं वजन १४० ग्रॅमने उतरवलंय. चेनला तेल घालायचं तेवढं राहिलं.

चौघं आहेत. आठवड्यातून एकदा भेटतात, ४०० मीटर उंची गाठणारा एक चढ चढतात, वर कठड्यावर बसतात आणि खाली येतात. चढायला पाऊण तास, बसायला तास. चढताना मोटारसायकलवरून घेतलेलं चित्रण इतकं हललंय की निम्मं टाकून द्यावं लागलं. त्यामुळे या फिल्ममध्ये चढ कमी दिसेल, कठडा जास्त. तसंही खरी चढाओढ तिथेच चालते.

(कठडा. हेल्मेटं काढून ठेवलेली. मूळ आवाज. बोलणं चाललंय स्टेमचं, म्हणजे हँडल सायकलीला जोडणाऱ्या तुकड्याचं.)

"स्टेम बदललास म्हणे. पोट बदल आधी."

"काका, पोट फुकट आलंय. स्टेमला पैसे मोजलेत. किंमत कशाची करू?"

"अरे, मग पोटच विक."

(हशा. एक सायकल घसरून खाली पडते, कोणीतरी उठतं.)

हा लॅपटॉपवाला. दिवसभर खुर्चीत बसून काम, आणि त्या खुर्चीचं वजन किती हेही त्याला ठाऊक आहे. फोनमध्ये त्याने एक यादी ठेवलीय. सायकलीचा प्रत्येक भाग आणि त्यापुढे ग्रॅम. सॅडल, सीटपोस्ट, पेडल, ट्यूब. बाटलीच्या पिंजऱ्याचे दोन बोल्टसुद्धा. ते त्याने टायटॅनियमचे बसवलेत, कारण त्याच मापाच्या स्टीलच्या बोल्टपेक्षा टायटॅनियम चाळीस टक्क्यांहून जास्त हलकं. हे अगदी खरं आहे. त्याच पिंजऱ्यात तो ७५० मिलिलिटर पाणी भरून आणतो आणि घरी जाताना निम्मं ओतून देतो, हेही खरं.

(ताई जमिनीवर पाय पसरून, पाठ कठड्याला टेकलेली. डोळे मिटलेले.)

ताई नर्स आहेत. रात्रपाळी उतरली की थेट इकडे. आम्हाला वाटलं होतं झोपल्यात. यादी ऐकत होत्या.

"काल रात्री नव्वद किलोचा पेशंट आम्ही दोघींनी कुशीवर वळवला. दर दोन तासांनी. आणि तू मला बोल्टचं वजन सांगतोयस."

"माझ्या कामात काही उचलावंच लागत नाही, ताई."

"म्हणून तर सायकल जड लागते तुला."

(सर वाकून कठड्यावरच्या धुळीत बोटाने काहीतरी लिहितात. कॅमेरा हळूहळू बोटापाशी.)

इथे सर उतरले. सर शाळेत विज्ञान शिकवतात आणि शाळा सुटली तरी शिकवणं सुटत नाही. त्यांचं म्हणणं असं, की ऑफिसात दिवसभर जे चालतं त्याला त्यांच्या पुस्तकात काम म्हणतच नाहीत. पुस्तकातला शब्द 'कार्य'. बल लागलं पाहिजे आणि वस्तू त्या दिशेला सरकली पाहिजे. नऊ तास भिंत ढकला, भिंत जागची हलली नाही तर कार्य शून्य.

"म्हणजे आमच्या मीटिंग," लॅपटॉपवाला म्हणाला, आणि वाक्य तिथेच सोडलं.

आता धुळीतलं गणित बघा. शंभर ग्रॅम वजन ४०० मीटर वर न्यायचं. ०.१ गुणिले ९.८१ गुणिले ४००, म्हणजे सुमारे ३९२ ज्यूल. पाय सतत २०० वॅट देत असतील तर भागाकार करा. दोन सेकंद. वाऱ्याचा आणि टायरचा विरोध सरांनी बाजूला ठेवलाय, पण चढावर गाडी हळू असल्यामुळे उत्तर फार हलत नाही. सपाट रस्त्यावर आणलं तर मात्र या शंभर ग्रॅमना कोणी विचारत नाही. तिथे बहुतेक ताकद वारा खातो.

शंभर ग्रॅम, दोन सेकंद. सरांनी खाली दोन रेघा ओढल्या. ताईंनी डोळे न उघडता विचारलं, "आणि सहा किलो पोट?"

दोन मिनिटं.

(वाऱ्याने धूळ उडते. आकडे पुसट होतात.)

हा खुळेपणा एकट्या लॅपटॉपवाल्याचा नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो काकांच्या पत्र्याच्या डब्यात आहे.

(डबा. स्पोक, जुने ब्रेक शू, ॲलन की, एक ब्रेक लिव्हर. लिव्हरवर ओळीने नऊ भोकं.)

१९७०च्या दशकात सायकलपटूंनी ड्रिल हातात घेतलं आणि सायकलीत जिथे धातू दिसेल तिथे भोकं पाडली. ब्रेक लिव्हर, क्रँक म्हणजे पेडलचा दांडा, त्याला जोडलेली दातेरी चेनरिंग, सीटपोस्ट. १९७२ साली बेल्जियमच्या एडी मर्क्सने मेक्सिको सिटीच्या ट्रॅकवर एका तासात ४९.४३१ किलोमीटर सायकल मारून विक्रम केला, तेव्हा इटलीच्या एर्नेस्तो कोल्नागोने त्याच्यासाठी बांधलेली सायकल सहा किलोच्याही आत होती. ब्रेक नाहीत, गिअर नाहीत, जागोजागी भोकं. एका तासापुरती सायकल.

पुढे कार्बन फायबर आलं आणि भोकं पाडायची गरजच उरली नाही. सायकली इतक्या हलक्या व्हायला लागल्या, की आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २००० सालापासून खालची मर्यादा घातली. शर्यतीतली सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालणार नाही. ज्यांची त्याहून हलकी भरते, ते कुठेतरी वजन लावून ती भरती करतात. त्याच वर्षी ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनने मर्क्सच्या काळासारख्या साध्या सायकलीवर, मँचेस्टरच्या ट्रॅकवर, पुन्हा तो तास काढला. ४९.४४१ किलोमीटर. अठ्ठावीस वर्षांत दहा मीटर. आम्ही हे ऐकवलं तेव्हा काका एवढंच म्हणाले, "पाय तेच ना."

आणि ही नऊ भोकं काकांची. विशीत पाडलेली, कारखान्यातल्या ड्रिलवर, जेवणाच्या सुट्टीत.

"किती उतरलं काका?"

"सहा ग्रॅम. भोकात बोट अडकायला लागलं, मग काढून ठेवला."

काकांचा सगळा जन्म लेथवर गेला. केसाच्या जाडीएवढं माप त्यांच्या बोटांना कळतं. त्यांनी सायकलवाल्यांचे वाद ऐकून घ्यायचे आणि बोलता बोलता कुणाची तरी चेन हातात घ्यायची, हा इथला रिवाज. आज लॅपटॉपवाल्याची पाळी.

(जवळून: बोटं, काळी चिंधी, चेन. पेडल उलटं फिरतंय. इथे घाई नको, पूर्ण दृश्य राहू द्या.)

हे दृश्य लांब आहे. कापायचं म्हणून दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा तसंच ठेवलं.

काका चिंधी चेनभोवती धरतात आणि दुसऱ्या हाताने पेडल उलटं फिरवतात. चिंधी काळी होते. कोरडा भाग पुढे घेतात, पुन्हा धरतात. आता काळ्या रेघेत चमचमणारं काहीतरी दिसतं. ती माती नाही. धातू आहे, चेनचाच.

चेन म्हणजे काय, हे काका एका कडीवर नख ठेवून सांगतात. साधारण ११० कड्या. प्रत्येक कडीला एक पिन, एक रोलर, दोन पट्ट्या. म्हणजे ४४० तुकडे, आणि पेडल मारलं की सगळे एकमेकांवर घासतात. १८८० साली हान्स रेनॉल्डने मँचेस्टरमध्ये या रोलर चेनचं पेटंट घेतलं. तोवर वेगात जायचं तर पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं उंच करावं लागे, कारण पेडल थेट त्याच चाकाला जोडलेलं. पडलं की तोंडावर. १८८५ साली जॉन केम्प स्टार्लीने कॉव्हेंट्रीत रोव्हर सायकल काढली. दोन्ही चाकं जवळजवळ सारखी, पेडल मध्ये, आणि ताकद चेनने मागच्या चाकाला. आज कठड्याला टेकलेल्या या चारही सायकली, कार्बनची सुद्धा, तिच्याच पोटच्या.

पिनपासून पिनपर्यंत अर्धा इंच. आज दुनियेतल्या बहुतेक सगळ्या सायकलींना हेच माप. म्हणून काकांना चेन मोजायला वेगळं हत्यार लागत नाही.

(स्टीलची पट्टी चेनवर. शून्याची रेघ एका पिनच्या मधोमध.)

चोवीस कड्या, बारा इंच. नव्या चेनची पंचविसावी पिन बरोब्बर बाराच्या रेघेवर बसते. लॅपटॉपवाल्याची बघा. पिन रेघ ओलांडून पुढे गेलीय, इंचाचा सोळावा भाग, चांगलाच. लोक म्हणतात चेन ताणली. लोखंड ताणलं जात नाही, पोरा, काका म्हणतात. पिन झिजते, पिनचं घर झिजतं, आणि ११० ठिकाणची ती झीज एकत्र येऊन चेन लांब होते. लांब झालेली चेन कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या, दातांवर चुकीच्या जागी चढते आणि त्यांना आपल्यासारखं करून घेते. मग नवीन चेन टाकली तरी जुन्या दातांवरून उड्या मारते. चेन वेळेवर बदलली तर कॅसेट वाचते. सुरुवातीला ऐकलेला तो टक् या झिजेचाच होता.

"कॅसेट हलकी आहे पण," लॅपटॉपवाला म्हणाला.

"होणारच. दात निम्मे तूच खाल्लेस."

(तेलाची बाटली. एका कडीवर एक थेंब. पुढची कडी. पुढची.)

तेल ओतायचं नाही. रोलरवर थेंब, आतल्या बाजूने, प्रत्येक कडीला एक. ११० थेंब. मग पेडल फिरवत राहायचं आणि वरचं तेल पुसून काढायचं, कारण तेल आत हवं, बाहेर राहिलं तर धूळ धरून ठेवतं. या सगळ्याला वीस मिनिटं गेली. सायकलीचं वजन थोडं वाढलंच असेल.

याच दुपारी लॅपटॉपवाल्याने स्टेमलाही हलके ॲल्युमिनियमचे बोल्ट लावले, किती आवळायचं ते मोजणाऱ्या टॉर्क रेंचशिवाय, हाताच्या अंदाजाने. तीन आठवड्यांनी उतारावर त्यातला एक तुटला; कॉलरबोन मोडलं, सहा आठवडे सायकल बंद. त्या दिवशी आमचा कॅमेरा नव्हता.

(परत कठडा. झाडाच्या फांदीला हुकाचा वजनकाटा टांगलेला.)

वजनकाटा सरांनी आणला होता. एकदाचा सोक्षमोक्ष लावायला. लॅपटॉपवाल्याची कार्बनची सायकल ७.३ किलो. त्याने फोटो काढला. काकांची स्टीलची ११.४. फरक ४.१ किलो, म्हणजे सरांच्या हिशोबाने या चढावर जेमतेम ऐंशी सेकंद. काका दर वेळी त्याच्याआधी वर पोचतात हा भाग हिशोबात बसत नव्हता, म्हणून सरांनी तो विषय काढला नाही.

"आता तू लटक," काका लॅपटॉपवाल्याला म्हणाले.

ताईंनी पहिल्यांदाच पूर्ण डोळे उघडले.

(हेल्मेटं. क्लिप लावल्याचे आवाज. एकेक सायकल वळणाआड. कठडा रिकामा. वर एक काळी चिंधी.)

कॅमेरा चालू राहिला, आमच्या आळसाने. त्यामुळे हे मिळालं. वीस-पंचवीस मिनिटांनी वळणावरून एक सायकल परत वर येताना दिसते. आवाज नाही. काका. दीडशे मीटर उंची पुन्हा चढून आलेत, आणि मागून धापा टाकत लॅपटॉपवाला.

काकांनी चिंधी उचलली, झटकली, खिशात घातली.

(मूळ आवाज.)

"काका, चिंधीचं वजन किती?"

(उत्तर नाही. दोघांच्या श्वासाचा आवाज. मग दोन्ही चेन.)