पाकिटात काय निघेल सांगता येत नाही

(निवेदन)

ही मैद्याची खळ आहे. दुकानात गमच्या बाटल्या मिळतात, पण कोल्हापुरात राजारामपुरीतल्या या घरातनं एक ताई पोस्टानं पुस्तकक्लब चालवतात, म्हणून इथं दर महिन्याला एकदा पातेलंभर खळ शिजते आणि मग दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा राहत नाही. बघा, आधी प्लॅस्टिक, कारण निम्मी पाकिटं चालली आहेत गगनबावडा, आजरा, चंदगडकडं, तिथला पाऊस काय असतो ते तुम्हाला माहीत आहे. त्यावर पुठ्ठा. मध्यंतरी मार्केट यार्डातनं गुळाच्या बॉक्सचे पुठ्ठे फुकट मिळाले म्हणून ते वापरले, तर पुस्तकांबरोबर मुंग्यापण पोचल्या, ते बंद केलं. मग खाकी कागद, सुतळी, आणि दोन्ही टोकं उघडी. टोकं उघडी हा आळस नाही, बुक पोस्टची जुनी पद्धत आहे, पाकीट न फाडता आत खरंच पुस्तक आहे का ते पोस्टाला बघता आलं पाहिजे.

आता पत्ते. हे सगळे हातानं लिहिलेले. हा जो पिनकोड लिहिताना दिसतोय तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, आपला मराठी माणूस, संस्कृतचा कवी, पोस्टखात्यात मोठा अधिकारी. पहिले तीन आकडे ४१६ म्हणजे आपला भाग, सांगली शहराचा आणि सावंतवाडीचा पिनसुद्धा ४१६ नंच सुरू होतो. एवढं सांगायचं कारण, ताई पत्त्यात बाकी काही चुकलं तर चालवून घेतात, पिन चुकला तर नाही.

तर हा पुस्तकक्लब. वर्षाची वर्गणी एकदाच भरायची, महिन्याला एक पुस्तक घरी येणार, आणि कुठलं येणार ते ताई ठरवणार. पाकिटात पुढच्या पुस्तकाबद्दल चार ओळींची चिठ्ठी असते, नको असेल तर दहा तारखेच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नको’ एवढंच टाकायचं, काही कळवलं नाही तर पुस्तक येणार म्हणजे येणारच.

ही आयडिया ताईंची नाही, त्या स्वतःच सांगतात. १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये हॅरी शेरमन नावाच्या जाहिरातवाल्या माणसानं ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ काढला. मोठी शहरं सोडली तर अमेरिकेत तेव्हा पुस्तकांची दुकानं फार नव्हती, पण पोस्ट सगळीकडं पोचत होतं. परीक्षकांची कमिटी दर महिन्याला एक पुस्तक निवडायची आणि नको असेल तर सभासदानं आधी कळवायचं, म्हणजे आपल्या ताईंचं ‘नको’ तिथनंच आलंय. आपल्याकडं दिल्लीच्या हिंद पॉकेट बुक्सनं घरेलू लायब्ररी योजना चालवली, त्यात पुस्तकं व्हीपीनं यायची. आजच्या पोरांना व्हीपी सोडवणं म्हणजे काय ते माहीत नसेल, पोस्टमन दारात पाकीट घेऊन उभा, पैसे द्या मग पाकीट घ्या, आणि घरात पैसे नसले की पाकीट परत आणि पोस्टाचा खर्च पाठवणाऱ्याच्या गळ्यात. मराठीत १९७० च्या दशकात दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी ग्रंथाली काढली ती तर वाचक चळवळ म्हणूनच, वाचक आधी जमवायचे आणि मग पुस्तक स्वस्तात द्यायचं. १९७८ ला दया पवारांचं ‘बलुतं’ ग्रंथालीनंच आणलं.

(करवीर नगर वाचन मंदिराचे शॉट)

कोल्हापुरात वाचायला काय कमी आहे असं कुणी म्हणेल. हे वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे. पण गगनबावड्याचा माणूस पंचावन्न किलोमीटरवरनं पुस्तक बदलायला कधी येणार? आणि मोबाईलवर मागवायचं म्हटलं तर एकदा एक ऐतिहासिक कादंबरी घेतली की पुढं वर्षभर स्क्रीनवर तलवारीच. आपल्याला जे मागायचं सुचलंच नसतं ते कुणीतरी पाठवावं लागतं.

पोस्टाची खिडकी.

“काय ताई, आज गोणी भरून आणलीसा?”

“मोजा की साहेब, वजन तुम्हीच करा.”

पूर्वी रजिस्टर्ड बुक पोस्टनं पाच किलो पुस्तकं ८० रुपयांत देशात कुठंही जायची. १८ डिसेंबर २०२४ ला ती सोय बंद झाली. १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोला १००, वर टॅक्स, पण ट्रॅकिंग मिळतं. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं पाहिजे, जाहिरातींनी भरलेलं चालत नाही. मधल्या महिन्यांत क्लबचे काही सभासद गळाले, ते परत आले नाहीत.

आता थेट गगनबावडा. सायकलवर येतायत ते डाकसेवक. पाकीट ज्यांचं आहे ते एसटीतनं रिटायर झालेले कंडक्टर, आयुष्यभर फक्त ऐतिहासिक वाचलं. यावेळी त्यांना गेलंय अळंब्यांवरचं पुस्तक. ते उघडताना जे बोलले ते आम्ही कापलेलं नाही.

“अळंबी? हे कुणी पाठवलं? अहो ही तर आमच्या परसात उगवत्यात!”

(इथं निवेदन नाही. ते पानं उलटतात तो शॉट पूर्ण चालू द्यायचा.)

आणि या गडहिंग्लजच्या वहिनी. माहेर कर्नाटकातल्या संकेश्वरचं, घरात लहानपणापासून कन्नड कानावर, पण वाचायला शिकल्या मराठी. कन्नड कादंबरीचा मराठी अनुवाद क्लबनं पाठवला तेव्हा त्यांनी ‘नको’ टाकलंच होतं, फक्त दहा तारीख उलटून गेली होती. आता त्या ताईंना फोन करून विचारतात, त्याच लेखकाचं अजून काय आहे. ताई म्हणतात, त्याच लेखकाचं मी पाठवणार नाही, ते तुम्ही दुकानातनं घ्या. ह्यावरनं दोघींची तासभर वादावादी झाली, ती सगळी आमच्याकडं रेकॉर्ड आहे, वेगळा व्हिडिओ करू.

सभासद व्हायचं असेल तर नाव, पूर्ण पत्ता आणि पिनकोड पाठवा, कुठं ते खाली डिस्क्रिप्शनमध्ये दिलंय. आवडता लेखक कोण ते लिहू नका, ताई ते वाचत नाहीत. काय कधीच वाचलेलं नाही ते लिहा.