कासचे पठार, राष्ट्रीय उद्यान आणि गुरे

सातारकर मित्रहो, कासला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळावा ही आपल्या निवेदनातील मागणी ज्या तळमळीतून पुढे येते, ती तळमळ माझीही आहे. ज्या कास तलावाचे पाणी आपल्या शहराला मिळते, त्याच्या माथ्यावरचे हे पठार 2012 साली कोयना, चांदोली आणि राधानगरी यांच्यासह जागतिक वारशात गेले आणि सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. संरक्षण हवेच. ते कोणत्या कायद्याने मिळवायचे, हा आजचा विषय आहे. पण त्याआधी कुंपणाविषयी बोलणे मला आवश्यक वाटते.

गर्दीने फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून पठारावर कुंपण घातले गेले. हेतू चांगला होता, परंतु त्यामुळे माणसांबरोबर गुरेही बाहेर राहिली. ऑगस्टच्या एका सकाळी पठारालगतच्या गावातले एक वृद्ध शेतकरी त्या जाळीशी माझ्यासोबत उभे होते. ते म्हणाले, "आत गवात गुडघ्याला लागतंय. भाईर जनावरं फिरत्यात, तिथंच फुलं दिसत्यात. आमी सांगून दमलो." त्यांचे म्हणणे कोणी लिहून घेतले नव्हते, ही माझी मोठी तक्रार आहे. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे अशा उघड्या खडकाळ पठारावर, मातीचा थर अगदी पातळ असतो आणि तीत नत्र फार कमी असते. म्हणूनच सीतेची आसवे आणि दवबिंदू यांसारख्या वनस्पती किडे पकडून आपली गरज भागवतात. गेंद, तेरडा, कवला ही सारी बुटकी मंडळी आहेत. उंच गवत माजले की त्यांचे ऊन हिरावले जाते, आणि ते गवत पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी आटोक्यात ठेवले, ती या गावांची गुरेच होती. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. तेवढ्याच अभिमानाने या चराईचा इतिहासही सांगायला हवा. पुढे ते कुंपण काढावे लागले.

अध्यक्षांनी वेळेची आठवण करून दिली आहे, तेव्हा कायद्याचा भाग थोडक्यात मांडतो.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम 35 राष्ट्रीय उद्यानात गुरांच्या चराईला परवानगी देत नाही. म्हणजे जे कुंपण निघाले, ते कायद्याच्या रूपाने परत येईल आणि मग ते काढणे फार कठीण जाईल. शिवाय उद्यान जाहीर होताना तिथल्या लोकांचे जमिनीवरील हक्क संपुष्टात आणले जातात. चांदोली 2004 साली राष्ट्रीय उद्यान झाले. त्या जंगलातून उठवलेल्या गावांची पुनर्वसनासाठीची आंदोलने आपण पाहिली आहेत. आज कासला येणाऱ्यांची व्यवस्था, प्रवेशशुल्क आणि वाटाडे हे काम परिसरातील गावांची वन व्यवस्थापन समिती पाहते. पठारावर नजर ठेवणारी हीच माणसे परकी झाली, तर राखण कोण करणार?

याच कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव क्षेत्राची तरतूद आली. शासकीय जमिनीवर, स्थानिकांशी सल्लामसलत करून असे क्षेत्र जाहीर करता येते. त्याच्या व्यवस्थापन समितीवर संबंधित ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात आणि स्थानिकांचे हक्क अबाधित राहतात. पठारासाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो. रस्त्यालगत मालकीच्या जमिनींवर उभ्या राहणाऱ्या हॉटेलांना तो आवर घालणार नाही, हे खरे आहे. पण कलम 35 खाली उद्यान झाले तरी त्याच्या हद्दीबाहेरच्या जमिनीवर ते कलम चालत नाही. त्यासाठी बांधकाम परवानग्यांचा लढा वेगळा लढावा लागेल.

म्हणून माझी विनंती अशी की निवेदनात "राष्ट्रीय उद्यान" या शब्दांच्या जागी "संवर्धन राखीव क्षेत्र" असे लिहावे, हंगामी चराईची मागणी त्यात स्पष्ट नोंदवावी आणि सह्यांची सुरुवात साताऱ्यातून न करता कास, आटाळी, एकीव या गावांच्या ग्रामसभांतून करावी.