शेवटचा आकडा किती खरा?

टेबलावर इन्व्हर्टरची बारा व्होल्टची बॅटरी आहे, दोन तासांपासून शांत पडलेली. डिजिटल मल्टिमीटरचा लाल प्रोब, म्हणजे तारेचं टोक, प्लसला, काळा मायनसला. मीटरच्या पडद्यावरचे आकडे क्षणभर हलतात आणि थांबतात: 12.60. बॅटरी फुल आहे, असं कुणीही म्हणेल.

पण त्या शेवटच्या शून्यावर विश्वास किती ठेवायचा? ते मीटरच्या खोक्यातल्या घडीच्या कागदावर लिहिलेलं असतं. बहुतेकांनी तो कागद कधी उघडलेलाच नसतो. आपल्या मीटरच्या कागदावर ही ओळ आहे: ±(0.5% + 2 डिजिट).

हिशेब मांडू. 12.60 चा अर्धा टक्का म्हणजे 0.063 व्होल्ट. दोन डिजिट म्हणजे शेवटच्या घरातले दोन. नॉब 20 व्होल्टच्या रेंजवर आहे, म्हणजे मीटर 20 व्होल्टपर्यंत मोजतो; तिथे ते घर 0.01 चं आहे, म्हणून आणखी 0.02. एकूण चूक 0.083 पर्यंत असू शकते. खरं व्होल्टेज 12.52 ते 12.68 च्या मध्ये कुठेतरी आहे. बॅटरी तपासायला एवढं पुष्कळ झालं.

आता नॉब 200 च्या रेंजवर नेऊ. बॅटरी तीच, मीटर तोच. पडद्यावर 12.6. फक्त एक शून्य गळालं, असं वाटतं ना? पण शेवटचं घर आता 0.1 चं झालं. दोन डिजिट म्हणजे 0.2! खरं व्होल्टेज आता 12.34 पासून 12.86 पर्यंत कुठेही असू शकतं. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना साधारण 12.6 ते 12.7 दाखवते आणि अर्धी उतरली की 12.2 च्या आसपास येते. सगळा खेळ अर्ध्या व्होल्टचा. त्यात एवढी फट राहिली, तर बॅटरी भरलेली आहे की बरीच उतरलेली, हे ठरवायचं कशावरून?

पडद्यावर दिसणारी सर्वात बारीक पायरी म्हणजे रिझोल्यूशन. खऱ्या किमतीच्या किती जवळ आहोत, ती अचूकता. या दोन शब्दांची गल्लत मला सगळ्यात घातक वाटते, कारण जास्त आकडे दिसले की माणूस निर्धास्त होतो. तिसरा शब्द रिपीटेबिलिटी: दहा वेळा मोजलं तर दहाही वेळा तेच उत्तर. घरातलं पाच मिनिटं पुढे लावलेलं घड्याळ रोज न चुकता पाच मिनिटंच पुढे असतं. मीटरचंही तसं होऊ शकतं.

आणि तो अर्धा टक्का कुठल्या हवेत? कागदावर लिहिलंय, 23 अंश, पाच अंश इकडेतिकडे. त्यापुढच्या प्रत्येक अंशाला चुकीत दहावा हिस्सा वाढवायचा, असंही या कागदावर आहे. मे महिन्यात नागपुरात पारा 43 वर गेला, की 28 च्या वर पंधरा अंश झाले. 0.083 ची चूक अडीचपट होऊन 0.2 च्या वर जाते. रेंज बरोबर निवडूनही!

मीटर खरं बोलतोय का, हे त्याच्याहून सरस उपकरणाशी ताडून बघतात. तेच कॅलिब्रेशन. लॅबचं ते उपकरण आणखी वरच्या मानकाशी ताडलेलं असतं. ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन जोसेफसन यांनी 1962 मध्ये अतिवाहकांमधल्या ज्या परिणामाचं भाकीत केलं, त्याच्या आधारे तिथे एक व्होल्ट नेमका किती, हे ठरतं.

आपला मीटर उलटा करू. मागे छोटं पांढरं स्टिकर आहे. कागदावरचा अर्धा टक्का कॅलिब्रेशननंतर एक वर्षच धरायचा असतो. स्टिकरवरची तारीख मार्चमध्येच उलटून गेली आहे.