रनर कोणाचा?

(दृश्य: बेळगावच्या पश्चिमेचा एक मळा. डिसेंबर, सकाळचे आठ. मल्चिंग पेपरवर दव.)

बेळगाव शहर मागे टाकून पश्चिमेकडे निघाले की काळी जमीन संपते आणि तांबडी माती लागते. या मातीत भात होते, रताळी होतात, बटाटा होतो, आणि अलीकडे एखाद्या मळ्यात स्ट्रॉबेरीही दिसते. आपण पाहत आहोत तो तुकडा जेमतेम दहा गुंठ्यांचा आहे. गादीवाफ्यांवर मल्चिंग पेपर अंथरला आहे, त्याखालून ठिबकच्या नळ्या गेल्या आहेत आणि पेपरला पाडलेल्या प्रत्येक भोकातून एक रोप वर आले आहे. शेतकरी वाकून रोपाच्या बुंध्याशी हात घालतो, सुतळीहून बारीक अशी तांबूस फांदी बाहेर ओढतो आणि कात्रीने कापून टाकतो. तिला इथे सगळे रनर म्हणतात. पाठ्यपुस्तकातला ‘धावते खोड’ हा शब्द मळ्यात कोणी वापरत नाही.

कापलेला रनर हातात घेऊन नीट पाहावा. पहिल्या पेरावर काहीच नसते. दुसऱ्या पेरावर मात्र घडी घातलेल्या पानांचा एक झुबका असतो आणि त्याच्या खालच्या अंगाला मोहरीएवढे पांढरट उंचवटे असतात. ती उद्याची मुळे होत. हे पेर ओल्या मातीला टेकले तर काही आठवड्यांत तिथे स्वतंत्र रोप उभे राहते आणि गुणांनी ते मूळ रोपाची हुबेहूब प्रत असते. फळे धरलेली असताना रनर राहू दिले तर रोपाची ताकद त्यांच्याकडे जाते, म्हणून ते कापावेच लागतात. एरवी, ऊब वाढून दिवस मोठा झाल्यावर, एकाच मातृरोपापासून डझनावारी रोपे करता येतात. ती करण्याची मुभा कोणाला असावी, या एका प्रश्नावर अमेरिकेत कायदा झाला, विद्यापीठांचे उत्पन्न उभे राहिले आणि खटलेही झाले.

या भागातल्या शेतकऱ्याला हा प्रश्नच विचित्र वाटतो. त्याच्या घरी रताळी लावली जातात ती बियांनी नव्हे, वेलाच्या तुकड्यांनी. पाऊस लागला की ज्याच्याकडे वेल जास्त असेल त्याच्या बांधावरून शेजारी भारा उचलून नेतो, आणि फार तर पुढच्या वर्षी वेलाची परतफेड वेलानेच होते. “रताळ्याच्या वेलाला कोण पैसे मागतंय?” असे या मळ्याच्या मालकाने चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी विचारले. त्या क्षणी आम्ही गप्प राहिलो. खरे उत्तर असे की अमेरिकेत मागतात: नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाने काढलेल्या ‘कव्हिंग्टन’ या रताळ्याच्या वाणाला तिथे वनस्पती पेटंट मिळालेले आहे.

(दृश्य: पिकलेल्या फळाचा जवळून घेतलेला भाग. पृष्ठभागावरचे पिवळसर ठिपके.)

स्ट्रॉबेरीच्या अंगावरचे हे ठिपके म्हणजे आपण ज्यांना बिया म्हणतो ते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने यातला प्रत्येक ठिपका हेच एक फळ आहे, आत एकेक बी असलेले. आणि आपण खातो तो लाल गर म्हणजे फुगलेले पुष्पासन, फुलाचे बूड. एका मोठ्या फळावर असे दोनशेच्या आसपास ठिपके असू शकतात. ते सगळे रुजवले, तर दोनशे वेगवेगळी रोपे मिळतील. लागवडीच्या स्ट्रॉबेरीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, एकूण 56 गुणसूत्रे. इतक्या पत्त्यांचा जोड पिसल्यावर प्रत्येक डाव निराळा पडणारच. म्हणूनच शेतकरी स्ट्रॉबेरी बियांपासून लावत नाही, आणि म्हणूनच नवा वाण शोधणाऱ्याला मात्र बियांशिवाय दुसरा मार्ग नाही.

त्याचे काम दिसायला साधे आहे. उद्या-परवा उमलेल अशी कळी निवडायची, बारीक चिमट्याने तिच्या पाकळ्या आणि पिवळे पुंकेसर एकेक करून काढायचे, मधला स्त्रीकेसरांचा उंचवटा तेवढा ठेवायचा आणि वर कागदी पिशवी चढवायची, म्हणजे मधमाशी आपले काम परस्पर उरकून जाणार नाही. मग दुसऱ्या निवडक वाणाचे परागकण कुंचल्याने त्या उंचवट्यावर सगळीकडे फिरवायचे. एखादी बाजू सुटली तर फळ त्या बाजूने आखडते, कारण ज्या ठिपक्यात बी धरत नाही त्याच्याभोवतीचा गर फुगत नाही. बाजारात वेडीवाकडी स्ट्रॉबेरी दिसते, तिच्या फुलापर्यंतही बहुधा पराग नीट पोहोचलेले नसतात. फळ पिकले की बिया खरवडून वेगळ्या करतात, रुजवतात, आणि मग सुरू होते निवड. हजारो रोपे शेतात उभी असतात. प्रत्येकाची चव, फळाचा टणकपणा, रंग, रोगाला बळी पडणे, टोपलीत दोन दिवस टिकणे हे सारे पाहून शेकडो, मग डझनभर, आणि अखेरीस एखाददुसरे रोप उरते. या सगळ्याला सात-आठ वर्षे सहज लागतात. त्या एका रोपाचे रनर घेतले की पुढचे काम निसर्गच करतो.

वैदर्भिक धान किंवा बेळगावी रताळे यांच्या मानाने हे पीक अगदी अलीकडचे आहे. फ्रान्सचा लष्करी अभियंता फ्रेझिए चिलीच्या किल्ल्यांची टेहळणी करून 1714 साली मायदेशी परतला, तेव्हा त्याच्यासोबत तिथल्या मोठ्या फळांच्या स्ट्रॉबेरीची जगलेली पाच रोपे होती. ती सगळी मादी रोपे निघाल्याने एकटी असताना फळत नव्हती. उत्तर अमेरिकेतून आलेली दुसरी जात जवळपास लावली गेली आणि त्या दोन जातींच्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी जन्मली. हा संकर आहे, हे द्युशेन या तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1766 साली ओळखले. अर्थात, या वाणावर कोणी हक्क सांगितला नाही.

हक्क सांगण्याची सोय अमेरिकेने 1930 साली केली. त्या वर्षीच्या वनस्पती पेटंट कायद्याने बियांखेरीज अन्य मार्गाने, म्हणजे कलम, छाट, रनर यांनी वाढवल्या जाणाऱ्या नव्या वाणांना पेटंट देण्यास सुरुवात झाली. कंदांपासून लावल्या जाणाऱ्या पिकांना, म्हणजे मुख्यतः बटाट्याला, त्यातून वगळले गेले. रताळे म्हणजे कंद नव्हे, फुगलेले मूळ, म्हणून ते या अपवादातून सुटले. पहिले पेटंट 1931 साली एका वेली गुलाबाला मिळाले. आज या पेटंटची मुदत अर्ज केल्यापासून 20 वर्षे असते. पेटंटचा मजकूर वाचला तर मौज वाटते: पानाच्या कडेला किती दाते आहेत, देठावर लव कशी आहे, फळाचा लाल रंग ठरावीक रंगतक्त्यातल्या कोणत्या क्रमांकाचा आहे, असे पानेच्या पाने वर्णन असते, आणि शेवटी हक्काचा दावा मात्र एकाच वाक्याचा असतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाने या सोयीचा पुरेपूर उपयोग केला. तिथल्या रॉइस ब्रिंगहर्स्ट यांनी 1950 च्या दशकात युटा राज्यातल्या वासॅच डोंगरांतून एक रानटी स्ट्रॉबेरी आणली. दिवस लहान असो वा मोठा, तिला फुले येत असत. तो गुण लागवडीच्या वाणांत उतरवायला दोन दशकांहून अधिक काळ गेला आणि असे पहिले वाण 1979 साली बाहेर आले. ‘अल्बियन’ याच वंशातला. आपल्याकडे जास्त ओळखीचे ‘कॅमारोसा’, ‘स्वीट चार्ली’ आणि ‘विंटर डॉन’ हे वाण मात्र लहान दिवसांचे आहेत: थंडी पडून दिवस आखडला की ते फुलतात. त्यांपैकी पहिला कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, पुढचे दोन फ्लोरिडा विद्यापीठाचे. बेळगावचा मोसम डिसेंबर ते मार्च यांत आटोपतो, त्याचे कारण हेच.

पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात कज्जा उभा राहिला. डग्लस शॉ आणि कर्क लार्सन या दोन पैदासकारांनी विद्यापीठ सोडून खाजगी कंपनी काढली. विद्यापीठाच्या पेटंट घेतलेल्या वाणांचा संकर स्पेनमध्ये करून ते बी अमेरिकेत आणले, असा आरोप त्यांच्यावर झाला. कागदपत्रांबरोबर जनुकीय चाचण्याही न्यायालयात मांडल्या गेल्या, आणि 2017 साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या ज्यूरीने विद्यापीठाच्या बाजूने कौल दिला. जे वाण या दोघांनी स्वतः वर्षानुवर्षे खपून काढले, त्यांच्यापासून पुढचा वाण काढण्याची मुभा त्यांना राहिली नव्हती. कायद्याने हे बरोबर असेल. ऐकणाऱ्या शेतकऱ्याला ते पचत नाही, आणि आम्हालाही ते सहज पचले नाही.

(दृश्य: मळ्याच्या कडेची पत्र्याची शेड. रिकामे ट्रे, वर चिकटवलेल्या चिठ्ठ्या.)

आता इकडचा कायदा. भारताच्या 1970 च्या पेटंट कायद्यातील कलम 3(जे) नुसार वनस्पती, बियाणे आणि वाण यांना पेटंट मिळतच नाही, आणि अमेरिकेतले पेटंट इथे लागू होत नाही. त्याऐवजी 2001 चा वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. तो केंद्राचा असल्याने निपाणीलाही तोच आणि कागललाही तोच. अधिसूचित पिकाचा वाण नवा, इतरांहून वेगळा, सगळीकडे एकसारखा आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थिर असेल, शिवाय त्याला स्वतःचे नाव असेल, तर त्याची नोंदणी होते. वृक्ष व वेलींना 18 वर्षे, इतर पिकांना 15 वर्षे संरक्षण मिळते. पण त्याच कायद्यातील कलम 39 सांगते की शेतकरी नोंदणीकृत वाणाचे बियाणेसुद्धा ठेवू शकतो, पुन्हा लावू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. फक्त त्या वाणाच्या नावाचा छाप मारून, पाकीटबंद करून विकू शकत नाही. बियाणे या शब्दाच्या व्याख्येत लागवडीचा कोणताही जिवंत भाग येतो, म्हणजे रनरही येतो. एवढेच नव्हे, नव्या वाणाच्या शोधासाठी नोंदणीकृत वाण वापरण्याची मोकळीक कलम 30 देते. शॉ आणि लार्सन यांच्यावर जी पाळी आली, तिला इथे असे वळण मिळाले नसते.

मग हा शेतकरी दरवर्षी नवी रोपे विकत का आणतो? त्याचे कारण रोगात आहे. रनरबरोबर विषाणू आणि बुंधा कुजवणारी बुरशी पुढच्या पिढीत जाते, आणि घरच्याच रोपांवर दोन-तीन हंगाम काढले की फळ बारीक होऊ लागते. शिवाय इथल्या पावसात मातृरोपे जगवणे जिकिरीचे आहे. महाबळेश्वरचे शेतकरीही आपली रोपे पावसाळ्यात वाईच्या पर्जन्यछायेत तयार करतात. बेळगाव जिल्ह्यालाही अशी छाया आहे. खानापुरात धो-धो कोसळणारा पाऊस गोकाक-अथणीकडे पोहोचेपर्यंत विरळ झालेला असतो. गोकाकजवळच्या अरभावीला तर उद्यानविद्या महाविद्यालय आहे. तिकडे रोपे आणि इकडे फळे, असा मेळ घालून पाहण्यासारखा आहे.

या मळ्यातली साडेपाच हजार रोपे बाहेरच्या एका रोपवाटिकेतून टेम्पोने आली. ट्रेवरच्या चिठ्ठीत ‘विंटर डॉन’ असे होते; पावतीवर फक्त ‘स्ट्रॉबेरी रोपे’. नोव्हेंबरअखेर ध्यानात आले की तिसऱ्या आणि चौथ्या वाफ्यातली बरीच रोपे निराळी आहेत: पाने जास्त गोल, देठ आखूड, फुले दहा-बारा दिवस उशिरा. एकसारखेपणा म्हणजे काय, हे कायद्याच्या पुस्तकापेक्षा या वाफ्यात लवकर कळते. नोंदणीकृत वाणाने सांगितल्याप्रमाणे उत्पन्न दिले नाही तर कलम 39 मधल्याच तरतुदीने भरपाई मागता येते, पण त्यासाठी वाण नोंदणीकृत हवा आणि त्याचे नाव कागदावर हवे. फोन केल्यावर रोपवाटिकेने “पुढच्या वर्षी बघू” एवढेच सांगितले.

चौथ्या वाफ्याच्या टोकाला त्या निराळ्या रोपांतले एक रोप आहे. त्याचे फळ लहान आहे, पण वास घमघमतो, आणि घरातली मुले तेवढीच फळे शोधून खातात. त्या रोपाचा एक रनर शेतकऱ्याने कापलेला नाही. मातीने भरलेल्या काळ्या पिशवीवर तो टेकवून, वाकवलेल्या तारेने दाबून ठेवला आहे. पिशवीवर अजून काही लिहिलेले नाही.