रिजनचा दिवा लागला, आता काय?

नमस्कार मंडळी. मागपर्यंत आवाज येतोय ना? बरं. विषय आहे नव्या डिझेल ट्रॅक्टरचा धूर गाळणारा फिल्टर आणि तो स्वतःला साफ करतो ते रिजन. कोरडा आहे हे आधीच सांगतो, ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही त्यांनी खुशाल चहाकडे वळावं. पण इथे अमेरिकेत आपल्यातल्या बऱ्याच जणांनी हल्ली गावाबाहेर पाच-दहा एकर घेतलेत आणि त्याच्या मागोमाग एक छोटा ट्रॅक्टर, आणि मग मला फोन येतो, अरे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलाय, सायलेन्सरमधून करपल्यासारखा वास येतोय, इंजिन आपोआप रेस होतंय, बंद करू का? बंद करू नकोस बाबा, एवढं एकच सांगायला मी आज उभा आहे, बाकीचं सगळं त्याचं कारण.

लहानपणी कंदिलाची काच पुसलीय ना? काच काळी करते ती काजळी. आणि चुलीतून सकाळी काढायची ती राख. काजळी म्हणजे अर्धवट जळलेला कार्बन, तो अजून जळू शकतो. राख जळून मोकळी झालेली, तिला कितीही जाळ लावा, ती राखच. हा फरक डोक्यात ठेवा, त्या फिल्टरचं अर्धं गणित त्यात आलं.

डीपीएफ म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. बॉनेट उघडलं की इंजिनच्या वर किंवा बाजूला मोठा स्टीलचा डबा दिसतो, त्यात आधी डीओसी नावाचा कॅटॅलिस्ट, धुरातलं न जळलेलं जाळायला मदत करणारा, आणि त्याच्या पुढे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा. त्यातल्या नळ्या एक पुढून बंद, शेजारची मागून बंद, अशा आहेत, त्यामुळे धूर एका नळीत शिरतो पण बाहेर पडायला त्याला भिंतीतून झिरपावं लागतं. हवा जाते, काजळी भिंतीवर राहते. ठोकळ्याच्या अलीकडे-पलीकडे प्रेशर किती ते सेन्सर मोजतो, त्यावरून आणि इंजिन कसं चाललंय त्याच्या हिशोबावरून कंप्युटरला कळतं की किती साठलीय.

हे लचांड आलं कुठून? इथल्या पर्यावरण खात्याचा, ईपीएचा, डिझेल इंजिनांच्या धुरावरचा टियर ४ फायनल नियम. २५ ते ५० एचपीच्या इंजिनांना २००८ पासून किलोवॅट-तासाला ०.३० ग्रॅम काजळी चालत होती, २०१३ पासून ती ०.०३ वर आणली, दहा पट कमी. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१२ मध्ये, डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने डिझेलचा धूर माणसाला कॅन्सर करतो असं पक्कं जाहीर केलं होतं, त्यामुळे नियमाला नावं ठेवायची माझी तरी तयारी नाही. गंमत अशी की २५ एचपीच्या खाली, म्हणजे १९ किलोवॅटच्या खाली, मर्यादा ०.४० च राहिली. म्हणून शोरूममध्ये साडेचोवीस एचपीचे एवढे ट्रॅक्टर दिसतात, तो योगायोग नाही.

आता रिजन. रिजनरेशन, पण तेवढं म्हणायला कुणाला वेळ आहे. साठलेली काजळी डब्यातच जाळून टाकायची, बस. इंजिनवर चांगला लोड असला की सायलेन्सर तापतो, डीओसी मध्ये नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो आणि तो साधारण २५० डिग्री सेल्सियसपासून काजळी हळूहळू खायला लागतो. याला पॅसिव्ह म्हणतात, तुम्हाला पत्ताही लागत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर अॅक्टिव्ह. नुसत्या हवेत काजळी पेटायला ५५०-६०० डिग्री लागतात, एवढं तापमान आणायचं कुठून? तर कंप्युटर हवा थोडी आवळतो आणि पॉवर स्ट्रोक, म्हणजे डिझेल जळून पिस्टन ढकलला जातो तो, होऊन गेल्यावर सिलिंडरमध्ये थोडं जास्तीचं डिझेल सोडतो. ते तिथे जळत नाही, तसंच डीओसी पर्यंत जातं, तिथे जळतं आणि डबा भट्टीसारखा तापतो. तुम्हाला जाणवतं ते एवढंच, आवाज बदलला, दिवा लागला, वास आला. साधारण पंधरा-वीस मिनिटांत, कधी अर्ध्या तासात उरकतं, तुम्ही आपलं काम चालू ठेवायचं.

आता माझी फजिती. आमच्या अण्णांचा जुना ट्रॅक्टर होता गावाकडे, साध्या पंपाचा. सुरू केला की दहा मिनिटं आयडलवर, आणि काम करताना सुद्धा रेस कमी ठेव रे, डिझेल काय नळाला येतंय का, हे ऐकत मी मोठा झालो. तोच हात मी इथे नव्या कॉमन रेल, म्हणजे कंप्युटर डिझेल सोडतो अशा, इंजिनवर चालवला. पहिल्या हिवाळ्यात लोडरने बर्फ ढकलायचो, बाराशे आरपीएम, वीस मिनिटं, की बंद. मध्ये कॉफी प्यायला गेलो तर ट्रॅक्टर आपला गुरगुरत उभा. मला वाटायचं केवढं जपतोय मी याला! आयडलवर सायलेन्सर जेमतेम शंभर-दीडशे डिग्री असतो, काजळी नुसती साठत राहणार. रिजन सुरू झालं की मी बंद करायचो, परत सुरू, परत बंद. एकदा गॅरेजमध्ये होतो म्हणून रिजन थांबवायचं बटण दाबलं आणि ते तसंच विसरलो, कित्येक दिवस. शेवटी इंजिनने पॉवरच कापली, रेस वाढेना. डीलरचा माणूस लॅपटॉप घेऊन आला आणि त्याने फोर्स रिजन केलं. बिल किती झालं ते बायको समोर बसलीय म्हणून सांगत नाही.

म्हणजे वाटेत तीन पायऱ्या आहेत. चालता चालता होणारं रिजन तुम्ही हुकवलं की पार्क्ड रिजन मागतो, ट्रॅक्टर उभा करायचा, न्यूट्रल, पार्किंग ब्रेक, पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा दांडा, बंद, बटण दाबायचं आणि शेजारी थांबायचं. तेही हुकवलं तर लॅपटॉप. त्याच्याही पुढे गेलात तर आत एवढी काजळी असते की ती एकदम पेटली तर सिरॅमिकला तडा जातो, मग नवा डबा. पार्क्ड करताना वाळलेल्या गवतावर उभं करू नका, बार्नमध्ये तर अजिबात नाही, बाहेर पडणारा गॅस गवत पेटवू शकतो. ते थांबवायचं बटण खरं त्यासाठीच दिलंय, गवताच्या गंजीपाशी असताना.

रोजच्या कामात काय करायचं? गवत कापायचा रोटरी कटर लावला की पीटीओ ५४० आरपीएमवर आणायला इंजिन तसंही अडीच हजाराच्या आसपास लागतं, ती रेस रिजनला उत्तम. लोडर चालवताना मात्र मुद्दाम रेस वर ठेवा, कानाला जास्त वाटली तरी. दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबणार असाल तर बंदच करा, फक्त दिवा लागलेला नसताना.

ऑइलचं एक. ते जास्तीचं डिझेल थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, आणि रिजन अर्धवट तोडत राहिलात तर जास्तच. एरवी ऑइल कमी झालं की आपण घाबरतो, इथे डिपस्टिकवर वाढलेलं दिसलं की घाबरायचं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. आणि राख येते तीही ऑइलमधूनच, त्यातल्या कॅल्शियम-झिंकच्या अॅडिटिव्हमधून. म्हणून सीके-४ सारखं कमी राखेचं ऑइल, गावाकडून कुणी आणलेलं जुन्या ग्रेडचं नको. राख रिजनने जात नाही, डबा काढून साफ करावा लागतो, पण या साइजच्या इंजिनांना तो ३,००० तासांच्या आधी काढावा लागू नये असा ईपीएचाच नियम आहे. आपण वर्षाला शंभर तास चालवणारी माणसं, आपल्या हयातीत ती वेळ यायची नाही.

मागून कोणीतरी विचारतंय, काढूनच टाकला तर? फिल्टर काढून कंप्युटरला गंडवणारे भेटतात, हो. क्लीन एअर अॅक्टखाली ते बेकायदा आहे, आणि एखादा डीलर तो ट्रॅक्टर नंतर हातात घेईल का ते तुम्हीच बघा.

भारतात काय? तिथे जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना टीआरईएम ४, म्हणजे तिथला ट्रॅक्टरच्या धुराचा नियम, लागू झालं. नाशिककडच्या द्राक्षबागेतले पंचवीस-तीस एचपीचे छोटे त्यात आले नाहीत, तेव्हा भावाचा फोन आला तर त्याला हे सगळं ऐकवत बसू नका.

आणि अजून घेतला नसेल तर माझं स्पष्ट मत, तीन-चार एकर, गवत कापायचं, थोडा बर्फ, एवढंच असेल तर २५ च्या खालचा घ्या आणि हे व्याख्यान विसरून जा. गवताचे मोठे गठ्ठे उचलायचे असतील तर मोठा घ्या, पण मग त्याला पळवा.

माझा बाहेर ट्रेलरवर आणलाय. रिजन करून दाखवा म्हणू नका, माझ्या मशीनला गरज वाटल्याशिवाय ते बटण ऐकतच नाही. डबा कुठे असतो, बटण कुठलं, ते दाखवतो, चला. चहा घेऊन या.