कूलरच्या मोटरला तेल कधी द्यावे?

मित्रहो, मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा 45 अंशांच्या पलीकडे जातो तेव्हा तिथल्या लष्कर या वस्तीतल्या घराघरांच्या खिडक्यांना कूलर लागलेले असतात; पण त्यांच्या मोटरला तेल देण्याची आठवण आपल्याला होते ती एप्रिलमध्ये, पंखा कुरकुरू लागल्यावर. माझे आग्रहाचे म्हणणे असे आहे की हे काम हंगाम संपताना, पावसाळा लागून कूलर बंद केला की लगेच करायला हवे.

याचे कारण बुशमध्ये आहे. साध्या मोटरचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, ज्या बुशमध्ये, म्हणजे आधार देणाऱ्या आखूड नळीत, फिरतो, तो बुश बहुधा धातूची भुकटी दाबून आणि भाजून केलेला, सूक्ष्म छिद्रांचा असतो. या छिद्रांत तेल मुरलेले असते. शाफ्ट फिरू लागला की ते बाहेर खेचले जाते आणि थांबला की छिद्रे ते परत शोषून घेतात. उन्हाळाभर रात्रंदिवस चाललेल्या मोटरमधले तेल आटलेले असते. अशी मोटर बंद केली की बुश उरलेसुरले तेल आत ओढतो, शाफ्ट कोरडा पडतो आणि श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत त्यावर गंज चढतो. पुढच्या उन्हाळ्यात हाच गंज बुश खरवडत जातो. तेव्हा दिलेल्या तेलाने आवाज थांबला तरी झालेली झीज भरून येत नाही. थंड देशांत लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्यांवर चालणाऱ्या शेगड्यांच्या ब्लोअरची, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याची, देखभालही हिवाळा सरल्यावर करतात. तिथे मोटरला त्रास राखेचा, आपल्याकडे ओलीचा.

तेल एसएई 20 (तेलाच्या दाटपणाचा आकडा) च्या आसपासचे, डिटर्जंट, म्हणजे मळ सोडवणारे रसायन, नसलेले घ्यावे. मोहरीचे तेल कालांतराने चिकट होते आणि खोबरेल 24 अंशांच्या सुमारास गोठते, म्हणजे आपल्या हिवाळ्यात ते बुशमध्ये थिजणारच. गंज सोडवणारा फवाराही वंगण म्हणून वापरू नये, कारण तो जुने तेल धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो.

काम सुरू करण्यापूर्वी प्लग काढावा. कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, म्हणून त्याच्या टोकांना हात लावू नये. शाफ्टवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसून बुशभोवतीच्या नमद्यावर (तेल धरून ठेवणाऱ्या जाड लोकरी कापडावर) तेलाचे दोन-तीन थेंब सोडावेत, ते जिरू द्यावेत आणि पाते हाताने सावकाश फिरवावे. नमदा आणखी तेल पीत असेल तर आणखी थेंब द्यावेत, पण ओघळ येऊ देऊ नये. जास्तीचे तेल वाइंडिंगवर, म्हणजे मोटरमधल्या तारांच्या वेटोळ्यांवर, उडते आणि त्यावर धूळ चिकटून मोटर तापते. शाफ्ट धरून आडवा हलवल्यावर खडखडला तर बुश गेला आहे असे समजावे आणि तो बदलून घ्यावा.

मोटर बुशऐवजी छर्ऱ्यांच्या बेअरिंगची असेल, आणि बेअरिंगवर 6202 सारख्या आकड्यानंतर झेडझेड किंवा टू-आरएस अशी अक्षरे असतील, तर ते बंदिस्त आहे. त्यात तेल घालू नये, आवाज करू लागले की बदलावे.

यानंतर कूलर झाकताना मोटरभोवती पॉलिथिन घट्ट गुंडाळू नये, कारण आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही. जुनी सुती चादर पुरते.